सोल्वेग, थॉमसची मुलगी

नॉर्मन बोरलॉग हे नाव आपल्याकडे येतं ते गव्हाबरोबर. १९६३ साली ते भारतात आले, १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं बोटींनी आलं, १९७० मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं आणि २००६ मध्ये आपलं पद्मविभूषण. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना एवढं पुरतं. मला मात्र हल्ली त्यांच्या गव्हापेक्षा त्यांच्या पणजीत जास्त रस आहे.

पणजीचं नाव सोल्वेग थॉमसदात्तर रिंदे. पणजोबा ओले ओल्सन ड्युबेविग. दोघं पश्चिम नॉर्वेतल्या सोग्नेफ्योर्डच्या काठचे (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी), फेयोस या लहानशा गावचे. १८५४ साली ते अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या डेन काउंटीत आले. पुढे कुटुंब आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात, क्रेस्को गावाजवळच्या सॉडे नावाच्या नॉर्वेजियन वस्तीत स्थिरावलं. तिथेच आजोबांच्या शेतावर २५ मार्च १९१४ ला नॉर्मनचा जन्म झाला. साठ वर्षांचा प्रवास, तीन पिढ्या, चार वाक्यांत आटोपला.

पण या चार वाक्यांमागे किती वह्या उलटाव्या लागतात हे अमेरिकेच्या या मध्य-पश्चिम भागात, मिडवेस्टमध्ये, राहायला आल्यावर कळलं. इथल्या गावांत वंशावळ काढणं हा निवृत्त शेतकऱ्यांचा आवडता उद्योग आहे. काउंटीच्या लायब्ररीत त्यासाठी एक कोपरा राखलेला असतो. मायक्रोफिल्मचं यंत्र, जुन्या नकाशांचे जाडजूड ठोकळे, आणि टोपी न काढता तासन् तास बसलेली माणसं. आयुष्यभर गाईंच्या धारा काढलेला एक गृहस्थ मला तिथे गुरू म्हणून लाभला. त्याचा नियम एकच: स्वतःपासून सुरू करायचं आणि एकेक पायरी मागे जायचं. थोर पूर्वज आधी ठरवून त्याच्याकडून खाली उतरत यायचं नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. आपण आधी राजघराणं ठरवतो, मग आपल्याला त्यात बसवतो.

तर मागे जायचं म्हणजे आधी जनगणना. अमेरिकेत ती १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, पण पहिली साठ वर्षं फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची डोकी मोजलेली. घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव लिहायला सुरुवात झाली १८५० मध्ये. गुलामांना तेव्हाही नावं नव्हती, मालकाच्या नावाखाली नुसती वयं. १८८० पासून घरातल्या माणसाचं प्रमुखाशी नातं काय, हा रकाना आला. त्याआधीच्या पानावर एखादी पंचविशीची बाई दिसली तर ती बायको, बहीण की मोलकरीण हे ताडत बसायचं. तपशील बहात्तर वर्षं गुप्त राहतो, म्हणून १९५० ची गणना २०२२ च्या १ एप्रिलला खुली झाली आणि १९६० ची अजून कुलुपात आहे.

आणि १८९० ची नाहीच. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या तळघरात आग लागली. काही कागद जळले, बरेचसे बंबाच्या पाण्याने भिजले, आणि जे उरलं त्याची पुढच्या दशकात सरकारनेच विल्हेवाट लावली. नॉर्मनचे वडील हेन्री १८८९ चे. म्हणजे तान्ह्या हेन्रीची देशाच्या वहीतली पहिली नोंद त्या आगीत गेली. या लायब्ररीतल्या कुठल्याही म्हाताऱ्यासमोर ‘अठराशे नव्वद’ एवढंच म्हणून बघा. घरातलंच कुणी गेल्यासारखे उसासे टाकतात.

आयोवाचं नशीब चांगलं, कारण या राज्याने मधल्या वर्षांत स्वतःची वेगळी गणना केली. १९१५ ची तर चक्क कार्डांवर आहे. माणशी एक कार्ड. त्यावर शाळेत किती वर्षं गेलात, आदल्या वर्षी कमाई किती, कुठल्या चर्चचे. १९२५ ची याहून भारी. प्रत्येकाला विचारलंय, तुमचे आईवडील कोण, ते जन्मले कुठे, त्यांचं लग्न कुठे झालं, आणि आईचं माहेरचं आडनाव काय. एका ओळीत दोन घराणी. नॉर्मनची आई क्लारा ही वाला घराण्यातली, तीही नॉर्वेजियन वंशाची. नवऱ्याच्या आडनावाखाली बाया गडप होण्याच्या त्या काळात या एका रकान्याने किती जणींना परत माहेरी नेऊन सोडलंय, याचा हिशेब नाही. तो रकाना घालणाऱ्या कारकुनाच्या मनात काय होतं देव जाणे. भावनेपोटी घातला नसावा, सरकारला स्थलांतरितांची आकडेवारी हवी असणार. पण उपकार झाले ते झालेच.

जनगणनेतून निसटणारेही असतात. नॉर्मनला पाठच्या बहिणी तिघी. पाल्मा, शार्लट आणि हेलन. हेलन १९२१ मध्ये जन्मली आणि जन्मानंतर लगेचच गेली. १९२० ची गणना तिच्या आधीची, १९२५ ची तिच्या नंतरची. मोजणी करणारा दारात आला तेव्हा दोन्ही वेळा ती घरात नव्हती. अशा बाळांसाठी चर्चची वही नाहीतर थडग्याचा दगडच शोधावा लागतो. नॉर्मनचं बारसं आणि पुढे धर्मदीक्षाही सॉडेच्या ल्युथरन चर्चमध्येच झाली. या भागात चर्च म्हणजे शेतांच्या मधोमध एक पांढरी लाकडी इमारत आणि शेजारी दफनभूमी. दगडांवरची नावं वाचत चाललं की अर्धं गाव एकमेकांचं पाहुणं निघतं.

जमिनीच्या नोंदी हा निराळाच आनंद. मिडवेस्टची सगळी जमीन सरकारने आधी चौकटींत आखली आणि मग विकली. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे छत्तीस सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० एकरांचा. म्हणून इथले रस्ते मैलामैलावर काटकोनात कापतात आणि म्हणूनच दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर बोट ठेवून ‘हा तुकडा अमक्याचा’ असं छातीठोक सांगता येतं. काउंटीचे जुने छापील नकाशे पाहिले तर प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव बारीक अक्षरात भरलेलं. सातबारा, गटनंबर, हद्दीच्या खुणा, भावकीचे दावे यांत वाढलेल्या मला ते बघून हेवा वाटला. नॉर्मन सात वर्षांचा असल्यापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत ज्या शेतावर राबला ते १०६ एकरांचं, प्रोटिव्हिन गावाच्या पश्चिमेला. प्रोटिव्हिन चेक लोकांचं. त्याच्या पलीकडच्या स्पिलव्हिलमध्ये १८९३ च्या उन्हाळ्यात संगीतकार ड्वोर्झाक येऊन राहिला होता. एका कोसात भाषा बदलायची, अशी ती वस्ती.

हेवा वाटला खरा, पण तो फार टिकला नाही. या नकाशांना सुरुवातीचं पान आहे, आणि ते कोरं नव्हतं. १८३० च्या तहाने इथे चाळीस मैल रुंदीचा एक पट्टा ‘तटस्थ भूमी’ म्हणून आखला होता. १८४० च्या सुमाराला सरकारने हो-चंक या मूळ रहिवासी लोकांना विस्कॉन्सिनमधून हुसकावून तिथे आणून ठेवलं, त्यांच्यावर लक्ष ठेवायला फोर्ट ॲटकिन्सन बांधला, आणि १८४८ मध्ये तिथूनही उठवून मिनेसोटात धाडलं. सहा वर्षांनी ओले आणि सोल्वेग अमेरिकेत उतरले. त्यांनी कुणाला हाकललं नाही, त्यांच्या हाती मोकळी जमीन आली एवढंच. मोकळी कशी झाली हे त्या नकाशांत कुठेही लिहिलेलं नाही. लायब्ररीतल्या कोपऱ्यात हा विषय काढला की मंडळी गप्प होतात. वाईट माणसं नाहीत ती. वंशावळ बोटीपासून सुरू होते, असं त्यांनी धरलेलं असतं.

भाषेचंही तसंच. जुन्या चर्चवह्या नॉर्वेजियनमध्ये, तेही गॉथिक वळणात, जे आज ओस्लोतल्या पोरालाही धड वाचता येत नाही. पहिल्या महायुद्धात वातावरण तापलं आणि आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी २३ मे १९१८ ला फतवा काढला: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर, चर्चच्या प्रवचनात, सगळीकडे फक्त इंग्रजी. राग जर्मनांवर होता, पण नॉर्वेजियन, डेन, चेक सगळेच त्यात भरडले गेले. नॉर्मन तेव्हा चार वर्षांचा. ज्या आजोबांनी, नेल्स ओल्सन बोरलॉग यांनी, त्याला पुढे सांगितलं की नंतर पोट भरायचं असेल तर आत्ता डोकं भर, त्यांना या फतव्याबद्दल काय वाटलं असेल?

नेल्स १८५९ चे, म्हणजे आईबाप आल्यानंतर पाच वर्षांनी जन्मलेले. बाप ड्युबेविग, मुलगा बोरलॉग, हे बघून नवखा माणूस इथेच अडतो. त्या काळच्या नॉर्वेत आडनाव असं नव्हतंच. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग ज्या शेतावर राहता त्या शेताचं. शेत बदललं की शेवटचं नाव बदललं. तो पत्ता होता, वंश नव्हता. ओले ओल्सन म्हणजे ओलेचा मुलगा ओले. त्यातून थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एका फ्योर्डच्या काठी एका वेळी डझनभर ओले ओल्सन. आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याची हौस आपल्याकडेही असल्यामुळे मला हा गोंधळ घरचाच वाटला.

आता समुद्र ओलांडायचा. नॉर्वेतून अमेरिकेकडे पहिलं संघटित जहाज गेलं ते १८२५ मध्ये, स्टावांगरहून, ‘रेस्टोराशन’ नावाचं. निघताना बावन्न माणसं, न्यूयॉर्कला पोहोचताना त्रेपन्न, कारण वाटेत एक मुलगी जन्मली. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन अमेरिकेत गेले. लोकसंख्येच्या मानाने आयर्लंड सोडलं तर युरोपात एवढी माणसं कुठल्याच देशाने घालवली नाहीत. डोंगर आणि पाणी यांमध्ये लागवडीची जमीन देशाच्या तीन टक्क्यांच्या आसपास, तीही थोरल्या मुलाला, धाकट्यांनी दुसऱ्याच्या शेतावर कूळ होऊन राबायचं. जमिनीचा हा हिशेब आपल्याला समजावून सांगायला नको.

१८५४ साली आलेल्यांची एक खास अडचण आहे. १८४९ मध्ये ब्रिटिशांनी नौकानयनाचे जुने कायदे रद्द केले, आणि नॉर्वेची जहाजं क्विबेकला जाऊ लागली: जाताना माणसं, येताना कॅनडाचं लाकूड. भाडं स्वस्त पडायचं, म्हणून पन्नाशीच्या दशकातले बहुतेक नॉर्वेजियन याच वाटेने अमेरिकेत शिरले. आणि क्विबेकच्या प्रवासी याद्या सलग मिळतात त्या १८६५ पासून. न्यूयॉर्कला उतरलेल्यांची नावं सापडतात, क्विबेकच्या वाटेने आलेल्यांची हवेत विरतात. अशा वेळी या किनाऱ्यावर शोधणं सोडून त्या किनाऱ्यावर जायचं.

तिथे एक गंमत आहे. फेयोस आजच्या नकाशावर विक नगरपालिकेत दिसतं, म्हणून माणूस विकच्या चर्चवह्या उघडतो आणि त्याला काही सापडत नाही. फ्योर्डच्या दक्षिणेचा हा भाग १९६४ पर्यंत समोरच्या काठावरच्या लाईकांगरकडे होता. म्हणजे वही लाईकांगरची बघायची. हे कुणीतरी जाणकाराने सांगितलं तर पाच मिनिटांचं काम, नाहीतर हिवाळा जातो.

नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या वह्या पानापानाने स्कॅन करून फुकट ठेवल्या आहेत. १९ व्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रत्येक नोंद दोन वह्यांत करायची असा नियम होता, एक पाद्रीकडे आणि एक चर्चच्या सेवकाकडे, आणि दोन्ही वह्या एका छपराखाली रात्र काढता कामा नयेत. वॉशिंग्टनच्या तळघरवाल्यांना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बारशाच्या पानावर बाळाचं नाव, जन्मतारीख, आई आणि बाप दोघांची नावं शेतासकट, आणि साक्षीला उभ्या राहिलेल्या गोद-आईबापांची नावं. धर्मदीक्षेच्या पानावर मुलाला प्रश्नोत्तरं कशी येतात याचा शेरा, आणि देवीची लस कधी टोचली त्याची तारीख. १८१० पासून लस टोचल्याशिवाय ना दीक्षा, ना लग्न. गाव सोडून जाणाऱ्यांसाठी वेगळं पान: कोण, वय काय, कुठे निघाला. लग्नाशिवाय मूल झालं असेल तर तेही. आईने सांगितलेल्या बापाचं नाव, आणि जुन्या वह्यांत तर तिचा हा कितवा अपराध हेसुद्धा. पाद्रीबुवा कुणाची भीड ठेवत नाहीत.

आणि इथेच सोल्वेग भेटते. थॉमसदात्तर, म्हणजे थॉमसची मुलगी. रिंदे, म्हणजे तिचं शेत. लग्न झालं म्हणून त्या काळच्या नॉर्वेत बाईचं नाव बदलत नव्हतं. जन्माला सोल्वेग थॉमसदात्तर, लग्नात तीच, मुलांच्या बारशात तीच, आणि तिथेच राहिली असती तर मरणाच्या पानावरही तीच. त्यामुळे तिच्यापासून मागे तिच्या बापाकडे, तिच्या आईकडे, तिच्या आईच्या आईकडे सरळ चालत जाता येतं. पुढे ‘बिग्देबोक’ नावाचे ग्रंथ आहेत, एकेका परगण्यातल्या प्रत्येक शेतावर कोण राहिलं त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची जंत्री. आणि १८०१ ची नावनिशीवार जनगणना आहे. नॉर्वेतून निघालेल्या अशा बायका अमेरिकेत उतरल्या की मात्र हळूहळू नवऱ्याच्या नावाच्या झाल्या. प्रगत देशात येऊन कागदावर पुसट झाल्या, हे मला फार लागलं.

लागण्याचं कारण घरचं आहे. आमचं गाव कागलकडचं. सुगी झाली की हेळवी यायचे, बासनातली वही काढायचे आणि ओसरीवर बसून आमचं घराणं वाचायचे. अमक्याचा तमका, त्याला मुलगे तीन, थोरल्याचा वंश गावात, मधला वाडीला. ऐकताना अंगावर काटा यायचा. एकदा आजी आतून येऊन खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “हेळवीबाबा, माझ्या सासूचं नाव वाचा की.” त्यांनी पान उलटलं, परत मागे आणलं. “आई, बायकांची नावं न्हाईत ह्यात.” आजी हसली आणि सुपातून दाणे आणायला गेली. तिलाही ते आधीच ठाऊक असणार. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत आमचे पणजोबा सापडले, सहीसकट, मोडीत. त्यांच्याबरोबर यात्रेला गेलेली पणजी ‘सकुटुंब’ या शब्दात आहे.

आपल्या बायकांचं तर दुहेरी पुसणं. आडनाव जातंच, वर तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहायचं म्हणजे पहिलंही गेलं. आजीचं माहेरचं नाव मी तिच्या भावाच्या तोंडून ऐकलं, ती वारल्यावर. अलीकडच्या कुलवृत्तांतांत सुना-लेकी येऊ लागल्या आहेत हे मान्य. महाराष्ट्र सरकारनेही १ मे २०१४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदावर मुलाच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव, असा क्रम सक्तीचा केला आहे. दोनशे वर्षांनी कुणी शोधायला बसलं तर त्यांचं काम सोपं होईल.

माझं मत असं झालंय की वंशाचा अभिमान म्हणून लिहिलेल्या वहीपेक्षा कर, लस आणि पाप मोजायला लिहिलेली वही जास्त खरी. पहिलीत जे मिरवायचं तेच येतं. दुसरीत लाज वाटेल तेही येतं, गरीब येतात, कुळं येतात, बायका येतात. लायब्ररीतल्या माझ्या गुरूला हे पटत नाही. त्याच्या मते कागद तो कागद, आणि मी नको तिथे अर्थ लावते. डीएनए चाचणीवर मात्र आमचं एकमत आहे: एकाच फ्योर्डच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्नं केलेल्या लोकांच्या वारसांना ती सगळेच चुलत असल्याचं सांगते, आणि ते पैसे न भरताही माहीत होतं.

बोरलॉगकडे परत यायचं तर, १९४४ मध्ये ते मेक्सिकोला गेले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी दुसऱ्याच वंशावळी लिहिण्यात घालवलं. त्यांच्या बुटक्या गव्हाचा बुटकेपणा जपानच्या नोरिन-१० या वाणाकडून आला. त्या जपानी गव्हाच्या पूर्वजांत ‘टर्की रेड’ आहे, जो १८७४ मध्ये रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी कॅन्ससमध्ये पेरला. म्हणजे गहूसुद्धा स्थलांतरित, आणि तोही मिडवेस्टवरून गेलेला. मेक्सिकोतल्या वाणांतून आपल्याकडे कल्याणसोना आणि सोनालिका निघाले. आज महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत ज्याच्या पोळ्या होतात तो लोकवन, म्हणजे गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचा लोक-१, एस-३०८ आणि एस-३३१ यांचा संकर. एस-३०८ म्हणजेच सोनालिका, एस-३३१ म्हणजे छोटी लर्मा.

पैदासकारांच्या वहीत संकर लिहायची एक ठरलेली रीत आहे. फुलातले नर-केसर चिमट्याने उपटून ज्या ओंबीवर कागदाची पिशवी चढवतात, ती मादी, आणि तिचं नाव आधी. मग तिरपी रेघ, मग बापाचं. कारण बी शेवटी तिच्याच ओंबीतून झाडून घ्यायचं असतं, आणि चिठ्ठीही तिच्याच देठाला बांधलेली असते.